मागच्या पानाचं बटण

भोकरदन सोडून एस.टी. पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्याला लागली आणि उघड्या खिडकीतून गव्हाचं भूस आत आलं. जवळच्याच शेतात मळणीयंत्र चालू होतं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला, कंडक्टर शिंकला, मागून कुणीतरी "खिडकी लावा की हो" म्हणून ओरडलं. मी लावली, पण बोटभर फट ठेवून. या दिवसांत या रस्त्यावर येणारा हा वास मला दरवर्षी हवा असतो. कोरडा, नाकात हुळहुळणारा, उन्हालाच वास सुटावा तसा.

मार्च महिन्याला माझ्या लेखी दोन वास आहेत. एक हा भुसाचा. दुसरा सोल्डरिंग करताना उठणाऱ्या राळेच्या धुराचा. धुपासारखा गोडसर, डोळ्यांत चुरचुरणारा. पदविकेच्या शेवटच्या वर्षी हे दोन्ही वास एकाच वेळी माझ्या ओढणीला येत होते. अजूनही एक आला की दुसरा आपोआप येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत. सकाळी दुकानांची शटरं वर जायची, हमालांच्या पाठीवरून पोती उतरायची, आणि त्या गर्दीतून सायकलची घंटी वाजवत मी तंत्रनिकेतनात जायचे. आमच्या वर्गात मुली मोजक्याच. इलेक्ट्रॉनिक्स हा मुलींनी घ्यायचा विषय आहे की नाही, याबद्दल गल्लीत दोन मतं होती. बाबा बँकेत होते. ते म्हणायचे, "शिकू द्या. निदान घरचा रेडिओ तरी दुरुस्त होईल." रेडिओ मी दोनदा उघडला. दुसऱ्यांदा तो कायमचा गप्प झाला.

माझ्या शेजारी बसायची रेखा. पिंपळगाव रेणुकाईची, शेतकऱ्याघरची, जालन्यात खोली घेऊन राहणारी. तिचा हात सोल्डरिंगला इतका स्वच्छ होता की तिनं लावलेला टाका मोत्यासारखा दिसायचा. प्रोजेक्टची जोडी ठरवायची वेळ आली तेव्हा आम्ही एकमेकींना विचारलंसुद्धा नाही.

विषय मात्र ठरेना. मुलांनी आपापले विषय उचलले होते. कुणी पाण्याच्या टाकीचा भोंगा, कुणी चौकातले सिग्नल. आमचे मार्गदर्शक जोगदंड सर. उंच, किरकोळ, शर्टाच्या खिशाला कायम एक टेस्टर लावलेला. ते रोज विचारायचे, "तुमचं काय?" आणि आम्ही रोज "उद्या सांगतो सर" म्हणायचो. एका दुपारी कॅन्टीनमध्ये रेखा चहाचा ग्लास हातात नुसता फिरवत बसली होती. मग एकदम म्हणाली, "वसू, माझ्या ताईसाठी एक मशीन करता येईल का? पान पलटायचं मशीन."

रेखाला मोठी बहीण आहे एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. सुमनताई भोकरदनला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. सुट्टीत घरी आली असताना कडब्याच्या गंजीवर चढून पेंढ्या रचत होती. पाय सटकला आणि ती मानेवर पडली. औरंगाबादच्या दवाखान्यात महिनोन्महिने काढून घरी आली तेव्हा मान तेवढी हलत होती. मानेखाली काही नाही.

"वाचायचं लई वेड तिला," रेखा म्हणाली. "आता बी वाचती. माय बसून राह्यती बाजूला, पानं पलटत."

पुढच्या रविवारी आम्ही गावाला गेलो. ओसरीत खाट होती. खाटेवर पाठीमागे उशांचा टेकू लावून सुमनताई बसवलेली. समोर पोथी ठेवतात तसा लाकडी घोडा, त्यावर इतिहासाचं पुस्तक. बाजूला मावशी, म्हणजे रेखाची आई, मांडीवर सूप घेऊन तूर निवडत होत्या. आम्ही आत आलो तेव्हा दोघींपैकी कुणीच मान वर केली नाही, कारण पान संपत आलं होतं. सुमनताईचे डोळे शेवटच्या ओळीवरून घसरले. तिनं पापण्या एकदा मिटल्या. मावशींनी तूर निवडणारा हात पदराला पुसला, पान पलटलं, आणि पुन्हा सुपात घातला.

मग सुमनताईनं आमच्याकडं बघितलं आणि हसली. तिचं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी रेखाचं म्हणून ओळखीचं वाटलं.

"ही का वसू? बस गं. मशीनवाली ना तू?"

मी घाईघाईनं म्हणाले, "ताई, अजून काहीच ठरलं नाही. बघू, जमतंय का ते."

"जमव बिलकुल," ती म्हणाली. "मायला शेतात जायचं असतं तर जाता येत न्हाई. मला वाचायचं असतं तर तिला बसावं लागतं. मला परीक्षा द्यायचीये, बाहेरून. लेखनिक मिळतो, चौकशी केली मी. पण अभ्यास कोण पलटून देईन?"

मावशी सुपाकडं बघतच म्हणाल्या, "मी काय नको म्हणून राह्यले का?"

"तू न्हाई म्हणत, म्हणून तर मला म्हणावं लागतं, माये."

परतीच्या गाडीत मी कागदाचा एक चिठोरा मांडीवर ठेवून पलटत होते. पान पलटणं ही किती गुंतागुंतीची गोष्ट आहे, हे तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आधी एकच पान इतरांपासून सुटं करायचं. मग त्याच्याखाली शिरायचं. मग ते उचलून पलीकडं न्यायचं, आणि तिथं ते राहील असं ठेवायचं. बोटांना हे सगळं कुणी शिकवलेलं नसतं. मशीनला शिकवावं लागणार होतं, एकेक पाऊल.

जोगदंड सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून ऑफिसच्या अडगळीच्या खोलीतून एक मोडका प्रिंटर काढून आणला. चालू होता तेव्हा तो करवतीसारखा आवाज करायचा. "याचं डोकं गेलंय. पण आतल्या मोटारी चांगल्या आहेत. स्टेपर मोटारी आहेत या. काढा."

ज्यांना ही मोटार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पंख्याची मोटार वीज मिळाली की गरगर फिरत सुटते. किती फिरली, कुठं थांबली, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. स्टेपर मोटार तशी नाही. तिच्या पोटात तारांची वेगवेगळी वेटोळी असतात. एकाला वीज दिली की ती एक पाऊल सरकते आणि तिथंच उभी राहते. दुसऱ्याला दिली की आणखी एक पाऊल. न सांगता ती पुढचं पाऊल टाकत नाही. म्हणून तिला हवं तिथं नेऊन उभं करता येतं. आणि कोणत्या वेटोळ्याला कधी वीज द्यायची हे सांगायचं काम मायक्रोकंट्रोलरचं. गोमेसारखे दोन्ही बाजूंना पाय असलेला एक काळा तुकडा, करंगळीपेक्षा थोडा लांब. कॉम्प्युटरवर आज्ञा लिहायच्या, त्या या तुकड्यात भरायच्या, तुकडा बोर्डावर बसवायचा. चुकलं की काढायचा, पुसायचा, परत लिहायचं.

आमच्या वाट्याला असा एकच तुकडा आला होता. तो काढताना एखादा पाय वाकला की रेखा श्वास रोखून सुईनं सरळ करायची. आज्ञा लिहायचं काम माझं, जोडणी तिची. होळीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत मोटार पहिल्यांदा आमच्या आज्ञेनं फिरली. मी लिहिलं होतं, पाऊल टाक, थांब, पाऊल टाक, थांब. तिनं तसंच केलं. टिक, टिक, टिक. रेखानं तिच्या दांडीला कागदाचा बाण चिकटवला होता. तो घड्याळाच्या काट्यासारखा सरकत आमच्या दोघींच्या मधोमध येऊन थांबला, जिथं थांबायला सांगितलं होतं तिथंच. तोपर्यंत मी जे काही शिकले होते ते पेपरात उतरवण्यासाठी होतं. माझ्या सांगण्यावरून जगातली एखादी वस्तू जागची हलली, ती त्या दिवशी पहिल्यांदा. आम्ही ओरडलो तशी शेजारच्या वर्गातली मुलं धावत आली. त्यांना वाटलं, शॉक बसला.

त्या महिन्यातलं जालना मला अजून दिसतं. नळाला पाणी कधीतरीच यायचं. स्टील कारखान्यांकडून आलेली काजळी गच्चीवरच्या वाळवणावर बसायची. आई पापडांवर जुनी साडी पसरून माझ्यावर चिडायची, कारण मी कुरडयांच्या सोऱ्याचा दांडा खोलून बघितला होता. रस्त्यावर रसवंतीची घुंगरं वाजायला लागली होती. आणि या सगळ्यातून मी पुस्तकाचं पान पलटणाऱ्या एका काडीचा विचार करत फिरत होते. माणसाला विचार करायला असं काहीतरी एक मिळावं, आणि त्यामागं एक चेहरा असावा. त्या वयात याहून मोठं भाग्य मला तरी सांगता येणार नाही.

मशीनचा घाट साधा होता. पुस्तकाच्या उजव्या कडेवर सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेलं एक छोटं चाक. ते थोडं फिरलं की वरचं एकच पान मागं ओढलं जाऊन त्याची कड उभी राहायची. मग दुसऱ्या मोटारीला लावलेली एक हलकी काडी त्या कडेखाली शिरून पान डावीकडं न्यायची. बटण सुमनताईच्या गालाजवळ, मऊ पट्टीवर. मान किंचित वळवली की दाबलं जाईल असं.

पहिल्यांदा गावाला नेलं तेव्हा खेड्यातली वीज गेलेली. त्या दिवसांत ती असण्यापेक्षा नसायचीच जास्त. रेखाच्या वडिलांनी मोटारसायकलची जुनी बॅटरी आणून दिली. जोडणी झाली. शेजारपाजारचे जमले. सुमनताईनं गालानं बटण दाबलं. चाकानं पानाची कड उभी केली, सगळे "आं" म्हणाले, आणि काडीनं असा काही झपाटा मारला की पान मधोमध टरकन फाटलं.

रेखाचा चेहरा पडला. माझे कान तापले. सुमनताई मात्र फाटलेल्या पानाकडं बघून म्हणाली, "राहू दे. हे पान पाठच आहे माझं."

लोक हसले आणि पांगले. मी काडीचा वेग कमी करून आणते म्हणाले. पण तोही उपाय मी प्रयोगशाळेत करून बघितला होता. फार हळू केलं की पान अर्ध्यातच घसरून परत यायचं. फार जोरात केलं की एकतर फाटायचं, नाहीतर मोटार जागच्या जागी नुसती गुरगुरायची, पाऊलच टाकायची नाही. हे मी सांगत होते ते सुमनताई लक्ष देऊन ऐकत होती. कोपऱ्यात चादर घातलेलं शिलाई मशीन होतं. ती पडायच्या आधी गावातल्या बायांची पोलकी शिवायची.

"त्या मशीनसारखं कर ना," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शिलाई मशीन पहिल्यांदाच पायानं जोरात मारलं तर दोरा तुटतो, न्हाई तर उलटा गुंततो. आधी हातानं चाक फिरवायचं, सावकाश. ते चालाया लागलं की मंग पाय मारायचा. शिवण संपत आली की परत पाय हलका करायचा, हात चाकावर. सगळं एकाच चालीनं कामून चालवून राह्यली तू?"

आमच्या सगळ्या आज्ञांमध्ये दोन पावलांमधली थांबण्याची वेळ एकच होती. ती बदलता येते, आधी जास्त, मग कमी, मग परत जास्त, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. सोमवारी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. मोटार अशीच पळवतात. मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो." मग म्हणाले, "त्यांना सांगा, सरांच्या आधी त्यांनी शिकवलं."

मी ती वेळ पायरीपायरीनं बदलत नेली. आणि अजून एक गोष्ट केली. पान पलटून झालं की सगळ्या वेटोळ्यांची वीज तोडायची, नाहीतर मोटार उभ्या उभ्या बॅटरी पिऊन टाकायची. पुढच्या रविवारी काडी पानाखाली अलगद शिरली, मधे वेग घेतला, आणि पलीकडं टेकताना इतकी हळू झाली की पान बसलं कधी ते कळलं नाही. सुमनताईनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पलटलं. पुन्हा. मावशी दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या.

"आता मी जाऊ का मंग शेतात?" त्यांनी विचारलं. आवाज जरा वेगळाच होता.

"जा की," सुमनताई म्हणाली.

"तहान लागली तर?"

"शेजारची काकू हाय ना. हाक मारीन."

मावशी अंगणापर्यंत गेल्या, परत आल्या, पुस्तकाची कड उगाच सारखी केली. "मला वाटलं, आता माझं काय काम उरलं." हसत म्हणाल्या, पण हसू पुरतं उमटलं नाही.

"मशीन भाकर देत न्हाई, माये," सुमनताई म्हणाली. "संध्याकाळी जल्दी ये."

त्या गेल्या. रेखा वडिलांबरोबर बॅटरी भरून आणायला गेली. मला सुमनताईनं स्वच्छ सांगितलं, तू बी जा, मंदिराकडं फिरून ये. मी रेणुकाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. ऊन उतरल्यावर परत आले तर तिचे डोळे लाल होते. मी घाबरले. दुखतंय का विचारलं.

"न्हाई गं. रडले मस्त."

मी खाटेच्या कडेला बसले.

"आज कितीतरी दिवसांनी एकटी वाचले मी," ती म्हणाली. "मायला अक्षर येत न्हाई, पण ती माझं तोंड वाचते. एखाद्या पानावर डोळ्यांत पाणी आलं की लगेच, काय झालं, कुठं दुखून राह्यलं? आता तिला काय सांगू, पुस्तकातली बाई मेली म्हणून? मंग मी रडायचं सोडलं. हसायचं बी सोडलं. नुसता अभ्यासच वाचायची. आज ग्रंथालयातली कादंबरी लावली. कुणी बघितलं न्हाई मला."

आम्ही समजत होतो, आपण मावशींना मोकळं करतोय. तिला काय मिळणार आहे, याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

मग ती म्हणाली, "एक सांगू? राग नको मानू. मागं कसं जायचं?"

"मागं?"

"आधीच्या पानावर. काहीतरी राहून जातं, परत बघावं वाटतं."

मशीन फक्त पुढं जात होतं. मला वाईट वाटलं, आणि थोडा आमच्याच मशीनचा बचावही करावासा वाटला. "मावशींना सांगत होतीस ना तू, मागं पलटा म्हणून?"

"कधीच न्हाई," ती म्हणाली. "पुढं पलटायलाच ती इतकी बसून राह्यती. तिला मागं कुठं पाठवू? समजलं न्हाई तरी पुढं जायची मी. पडल्यापासून मी एक पान बी दुसऱ्यांदा वाचलं न्हाई."

आज मी औरंगाबादच्या एका कारखान्यात मोठी यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम लिहिते. त्यांच्या मोटारी माणसाला उचलतील इतक्या दणकट असतात. तरी नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारायला लावते, चालवणाऱ्याला मागं यायचं असेल तर? हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकानं शिकवला नाही.

मोटार उलटी फिरवणं तसं सोपं. वेटोळ्यांना ज्या क्रमानं वीज द्यायची तो क्रम उलटा करायचा. माझ्या आज्ञेत त्यासाठी एकच अक्षर बदलावं लागत होतं. पण डावीकडचं पान उचलायला डावीकडं दुसरं चाक हवं होतं, आणि त्याला तिसरी मोटार. प्रोजेक्ट जमा करायला थोडेच दिवस उरले होते. सरांनी जुन्या कॉम्प्युटरमधली फ्लॉपीची पेटी उघडून आतली मोटार काढली. म्हणाले, "हे तुमच्या मंजूर विषयात नाही. मार्क वाढणार नाहीत." रेखा म्हणाली, "नाही वाढले तरी चालतील सर." त्यांनी पेचकस तिच्या हातात दिला आणि स्वतः बोर्ड धरून उभे राहिले.

दुसरं बटण डाव्या गालाजवळ बसवलं. सुमनताईनं ते दाबलं, पान मागं आलं, तिनं एक ओळ वाचली, पुन्हा पुढं गेली. मग मागं. मग पुढं. लहान मुलीसारखी खेळत राहिली. मावशी चुलीपुढून ओरडल्या, "अगं, मोडशीन!"

आमच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मशीन पोत्यात गुंडाळून एस.टी.नं जालन्याला आणलं. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी आधीच्या मुलांना घाम फोडला होता. आमच्या टेबलाशी येऊन त्यांनी दोन्ही बटणं दाबून बघितली. "हे मागे जाणारं तुमच्या प्रस्तावात दिसत नाही."

"नंतर वाढवलं सर," मी म्हणाले.

"कशासाठी?"

रेखानं सांगितलं. ताईबद्दल, मावशींबद्दल, दुसऱ्यांदा न वाचलेल्या पानांबद्दल. एरवी तोंडी परीक्षेत अडखळणारी रेखा सलग बोलली, तिच्या घरच्या बोलीत. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग मोटारीचा वेग हळूहळू का वाढवता असा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर आम्हा दोघींना झोपेतही आलं असतं.

पण खरी अडचण पुढं होती. कॉलेजचा नियम असा की तपासलेला प्रोजेक्ट विभागाच्या कपाटात जमा करायचा. ते कपाट आम्ही पाहिलं होतं. वर्षानुवर्षांचे सिग्नल आणि भोंगे त्यात धूळ खात पडले होते. सुमनताईची परीक्षा जवळ आली होती. मशीन इकडं आणल्यामुळं आज मावशी पुन्हा खाटेशी बसल्या असणार. विभागप्रमुख आले, "ठेवा आत" म्हणाले आणि कुलपाची किल्ली सरांकडं देऊन निघून गेले. रेखाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मी सरांकडं बघितलं.

सरांनी मशीनभोवती एक फेरी मारली. काडीला बोट लावलं. "हे बिघडलंय."

"नाही सर, आत्ताच तर चाललं," मी म्हणाले.

"वसुधा, मी सांगतोय ना, बिघडलंय. कपाटात चालू प्रोजेक्ट ठेवायचा असतो. दुरुस्त करून आणा."

आम्हाला कळायला वेळ लागला. रेखाला आधी कळलं. तिनं मशीन उचलून छातीशी धरलं.

"किती दिवसांत आणू सर?"

"दुरुस्ती अवघड आहे," सर किल्ली खिशात टाकत म्हणाले. "सावकाश होऊ द्या. आणि हो, वाचणाऱ्याला माझा नमस्कार सांगा."

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांना अधूनमधून भेटत राहिले. त्यांनी एकदाही विचारलं नाही, दुरुस्ती झाली का म्हणून.

सुमनताईनं भोकरदनच्या केंद्रावर परीक्षा दिली. वडिलांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला नेलं. ती सांगायची आणि गावातली एक शाळकरी मुलगी लिहायची. निकाल आला तेव्हा पेरण्या सुरू होत्या. त्यामुळं पेढे वाटायला घरात कुणी सापडेना. तिनं सगळ्या शेजाऱ्यांना खाटेवरूनच ओरडून सांगितलं. पुढं ती बी.ए. झाली, मग एम.ए. आता दुपारनंतर तिच्या ओसरीत गावातल्या मुली अभ्यासाला बसतात. रेखा लग्नानंतर नाशिकला असते, स्वतःचं दुरुस्तीचं दुकान चालवते, आणि तिचा टाका अजून मोत्यासारखा आहे.

मी कुणाकुणाचे आभार मानू, असं कधी मनात येतं तेव्हा यादी लांबत जाते. मोडका प्रिंटर काढून देणाऱ्या सरांचे. विश्वासानं बॅटरी आणून देणाऱ्या रेखाच्या वडिलांचे. पापडांच्या दिवसांत मला सूट देणाऱ्या माझ्या आईचे. पण खरं तर मला त्या वर्षी काय मिळालं ते एवढंच. मला येणारी एक लहानशी गोष्ट कुणालातरी मनापासून हवी होती, आणि ती चांगली झाली का वाईट, ते ती व्यक्ती तोंडावर सांगत होती. शिकणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. पुष्कळांना एवढंही मिळत नाही, हे नोकरी करायला लागल्यावर कळलं.

एस.टी. गावात थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी चाकांवरचं रबर कडक होतं. ते बदलायला मी येते. बाकी मशीन तेच आहे, तोच काळा तुकडा, त्याच आज्ञा. जुनं रबर खरवडून काढलं, नवं चिकटवलं, पुस्तक लावून पुढं-मागं करून बघितलं. सुमनताईच्या केसांत आता पांढरं दिसायला लागलंय. ती माझ्या हातांकडं लक्ष ठेवून होती.

"झालं का बराबर?"

"झालं. आता सांग, कशी आहेस? किती दिवसांनी—"

"ते नंतर. तू जा बरं आता बाहेर."

"ताई, मी एवढ्या लांबून आले!"

"मंग काय झालं? मायसंग बस. ऐन रंगात आल्तं पुस्तक आणि तू चाक खोलून बसलीस. संपलं की हाक मारते."

मी बाहेर आले. अंगणातल्या सावलीत मावशी चिंचा फोडत बसल्या होत्या. एकीकडं चिंचोके, एकीकडं गर, आणि मधे न फोडलेल्या चिंचांचा भलामोठा ढीग. आता त्यांना कमी ऐकू येतं. मी जवळ बसले तशी त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं.

"हाकललं का तुला बी?"

"हो ना, मावशी."

"मला तर रोजच हाकलती," त्या कौतुकानं म्हणाल्या आणि चिंचांचा अर्धा ढीग माझ्याकडं सरकवला.